काटेरी लगाम उतरवल्यानंतर

कडियाळं म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात जाणारा लोखंडी दांडा. काटेरी लगामाचं कडियाळं हातात घेतलं की आधी जाणवतं त्याचं वजन. मधोमध सांधा, आणि सांध्याच्या दोन्ही अंगांना ज्वारीच्या दाण्याएवढे काटे, सगळ्या बाजूंनी. हे काटे कुठे टेकतात ते कळायला आपल्याच नडगीवर बोट फिरवून पाहावं. घोड्याचे पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात, त्यांच्या मधे हिरडीचा मोकळा पट्टा असतो. कडियाळं तिथे बसतं. वर पातळ हिरडी आणि खाली लगेच हाड, नडगीसारखंच. लगाम दोन बोटं ओढला तरी भार येतो तो जिभेवर आणि या दोन पट्ट्यांवर.

नऊ वर्षांची, काठेवाडी वळणाची, कानांची टोकं आत वळलेली एक घोडी सहा वर्षं अशा लगामावर चालून माझ्याकडे आली. शिंगरू असताना सारंगखेड्याच्या यात्रेत विकली गेलेली, पुढे वरातीत, त्यानंतर पर्यटकांच्या फेऱ्यांना. तिला साध्या हॉल्टरवर, म्हणजे तोंडात काही न जाणाऱ्या मोहरकीवर, माळरानातून फिरवता यायला साडेदहा महिने लागले. त्यात काय केलं, काय फसलं आणि का फसलं, ते क्रमाने लिहिते आहे. "घोड्याशी प्रेमाने वागा" एवढ्या सांगण्याने कुणाच्या हाताला काही लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणी शिकतो. लगाम ओढला, घोडा थांबला आणि तेव्हाच हात सैल झाला, तर थांबणं हे बरोबर उत्तर होतं हे त्याला कळतं. हात दोन सेकंद उशिरा सैल झाला, तर तेवढ्यात त्याने मान झटकलेली असते, तोंड उघडलेलं असतं किंवा मागे पाय टाकलेला असतो, आणि मग उत्तर म्हणून तेच पक्कं होतं. हात सैल झालाच नाही तर ओढण्याला अर्थच उरत नाही. तोंड निबर होतं आणि पुढच्या वेळी जास्त ओढावं लागतं. काटेरी लगाम हा या उशिरा सुटणाऱ्या हातावरचा इलाज म्हणून वापरला जातो. हात आहे तसाच राहतो, घोड्याचं दुखणं तेवढं वाढतं.

म्हणून काटेरी लगाम पहिल्याच दिवशी उतरवायचा, त्याला मुहूर्त लागत नाही. तो कायद्यानेही चालत नाही. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राने केलेल्या नियमांत काटे किंवा गाठी असलेलं कडियाळं, तसंच जखम किंवा तीव्र वेदना करणारं कुठलंही साहित्य वापरायला स्पष्ट मनाई आहे. तरी बाजारात तो सर्रास टांगलेला दिसतो. त्याच्या जागी दुसरं काय घालायचं, हा प्रश्न मात्र खूप पुढचा. पहिले तीन आठवडे तोंडात काहीच घालायचं नाही.

या तीन आठवड्यांत पशुवैद्याकडून तोंड पूर्ण तपासून घ्यावं. नुसता ओठ वर करून पाहणं म्हणजे तपासणी नव्हे. जबडा उघडा ठेवणारी चौकट लावून, गरज पडल्यास गुंगीचं इंजेक्शन देऊन, बॅटरीच्या उजेडात शेवटच्या दाढेपर्यंत पाहावं लागतं. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे चावताना वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड झिजायची राहून जाते आणि सुरीसारखी धारदार होते. वरच्या कडा गालाला कापतात, खालच्या जिभेला. घोडा मान तिरकी करून चालतो, चारा चावून गोळे करून टाकतो, आणि आपण म्हणतो की हा हट्टी आहे. या कडा कानशीने घासून घ्याव्या लागतात, साधारण वर्षातून एकदा. शिवाय वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे कधी कधी एक छोटा निरुपयोगी दात असतो. कडियाळं त्याच्यावर आपटत राहतं. तो असला तर काढून टाकावा. आमच्या घोडीला तो नव्हता. पण ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत जुन्या चिरांचे वळ होते, आणि डावीकडच्या हिरडीखाली बोटाला लागणारा एक टणक उंचवटा होता. हाडाला वारंवार मार बसला की त्यावर असं नवं हाड चढतं. हाडावरची हिरडी दोन-तीन आठवड्यांत भरून येते, उंचवटा तसाच राहतो. ही माहिती पुढे फार उपयोगी पडली.

त्याच वेळी खाण्याकडे पाहिलं. इथे बहुतेक घोडेमालकांची समजूत उलटी असते. दोन वेळा तोबरा भरून चंदी, म्हणजे दाणा, दिली की घोड्याचं पोट भरलं, असं नाही. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास पाझरत असतं आणि त्याला मारणारी लाळ फक्त चावताना सुटते. चारा संपून पाच-सहा तास गेले की ते आम्ल पोटाच्या वरच्या, अस्तर नाजूक असलेल्या भागाला लागतं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावणारा, पाठीला हात लावला की कान मागे टाकणारा घोडा पुष्कळदा पोटातल्या व्रणांनी बेजार असतो. त्याला माणसाळवायला निघण्याआधी खायला घालावं.

हिशोब असा. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून मोजायचा, आणि लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणायचं, मग लांबीने, आणि ११,८७७ ने भागायचं. घेर १६० आणि लांबी १५५ असेल तर वजन साधारण ३३४ किलो येतं. त्याच्या दोन टक्के कोरडा चारा रोज हवा, म्हणजे पावणेसात किलो. गवतात थोडी ओल असते म्हणून तराजूवर साडेसात धरायचं. मारवेल किंवा पवना गवत मिळालं तर उत्तम. कडबा चालतो, पण कुट्टी फार बारीक नको, बारीक कुट्टी लगेच संपते आणि चावणं कमी होतं. आम्ही गवत बारीक भोकांच्या जाळीत भरून दिवसातून पाच वेळा दिलं. आधीची रोजची चार किलो हरभऱ्याची चंदी एक किलोवर आणली, वर ३० ग्रॅम मीठ. हा बदल एकदम करू नये. आतड्यातल्या जंतूंना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो, घाई केली तर पोटशूळ उठतो आणि पोटशूळ घोड्याच्या जिवावर बेतू शकतो. दोन आठवडे रोज थोडी चंदी कमी, थोडं गवत जास्त. रपेटीला काढण्याआधीही दोन मुठी चारा खाऊ घालावा, म्हणजे पळताना आम्ल वर उसळत नाही.

पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं उत्तर आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं: न फिरवल्याने. पण पागेत गेलं तर घोडा अगाडी-पिछाडीने, म्हणजे पुढच्या-मागच्या दोरांनी, खुंट्याला जखडलेला दिसतो, दिवसातले वीस-वीस तास. तासाभराची रपेट म्हणजे फिरवणं नव्हे, ते काम. फिरणं म्हणजे मोकळं सुटणं, लोळणं, दुसऱ्या घोड्याची मान खाजवणं, एकीकडे मान घालून चरणं. आमच्याकडे फक्त १५ गुंठ्यांचं कुंपण होतं. त्यात एका म्हाताऱ्या तट्टासोबत तिला रोज सकाळी पाच तास सोडायला लागलो. रात्री खोपटाच्या भिंतीला डोकं लावून झुलायची सवय बारा दिवसांत निम्म्यावर आली. त्यासाठी शिकवणं असं काही केलं नव्हतं.

आता सगळ्यात अवघड भाग, ज्यावर मला सर्वांत जास्त लिहायचं आहे. नव्याने आलेली ही घोडी अतिशय शांत होती. ढोल वाजो, फटाका फुटो, लहान मूल पोटाखालून जावो, ती जागची हलायची नाही. पाहणारे म्हणायचे, काय गुणी जनावर आहे! वरातीच्या आणि फेऱ्यांच्या घोड्यांची हीच ख्याती असते. पण शांत घोडा आणि सुन्न घोडा यांत फरक आहे, आणि तो डोळ्यांनी पाहता येतो. शांत घोड्याचे कान फिरत असतात, एक इकडे, एक तिकडे. आवाज आला की तो मान वळवून पाहतो, मग सुस्कारा टाकतो. खालचा ओठ सैल असतो. सुन्न घोड्याचे कान बाजूला पडलेले आणि स्थिर असतात. डोळा उघडा, पण त्यात पाहणं नाही. डोळ्यावरच्या हाडाशी कातडी ताणून त्रिकोणी घडी पडलेली. नाकपुड्या आवळलेल्या, हनुवटी दगडासारखी. मानेवर बोट टेकवलं तर कातडी माशीसाठी थरथरते तशीही थरथरत नाही. काहीही केलं तरी दुखणं थांबत नाही हे एकदा पक्कं कळलं की जनावर काही करायचंच सोडून देतं. तो गुण नव्हे.

दुखणं थांबलं, पोट भरायला लागलं, सोबत मिळाली, की असा घोडा हळूहळू जागा होतो. आणि जागा झाला की तो सगळ्यात आधी नाही म्हणतो. पाचव्या आठवड्यापासून घोडी हॉल्टर पाहिला की पाठ फिरवायला लागली. खरारा करताना एकदा दंडाला चावली. मांडीपर्यंत पाय उचलून धमकावायची. नालबंदाला तासभर पाय दिला नाही. वर्षानुवर्षं जे विनातक्रार करत होती ते सगळं नाकारायला लागली. नेमक्या या टप्प्यावर लोक घाबरून काटेरी लगामाकडे परत जातात आणि म्हणतात, लाडाने घोडा बिघडला. घोडा बिघडलेला नसतो, त्याला वाचा फुटलेली असते. आमच्याकडे हे सहा आठवडे चाललं. या दिवसांत स्वतःला जपावं. तिच्या मागच्या पायांच्या टप्प्यात उभं राहू नये, दोर हाताला गुंडाळू नये, डोक्यावर हेल्मेट आणि पायात टाचेचे बूट हवेतच. पण नकाराला शिक्षा करू नये. नकार कशाला आहे ते पाहावं आणि मागणी अर्ध्यावर आणावी. चाव्याचं कारण आम्हाला दुसऱ्याच दिवशी सापडलं. पोटाखाली तंगाच्या जागी जुन्या घट्ट्याखालची कातडी दुखरी होती, आणि तिथे लोखंडी खरारा चालत होता. त्या जागी नुसता हात आणि मऊ कापड वापरायला लागल्यावर चावणं बंद झालं.

जमिनीवरचं काम याच दिवसांत सुरू केलं. साधनं थोडीच: मऊ सुती पट्ट्याचा हॉल्टर, १२ फुटी जाड दोर, कमरेला हरभऱ्याचा बटवा. रोज १५ मिनिटं, त्याहून जास्त नाही.

सुरुवात जवळ जाण्यापासून. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या सरळ मागे दिसत नाही. म्हणून समोरून कपाळाला हात लावायला जाऊ नये, खांद्याच्या दिशेने तिरकं जावं. जिथे तिची मान वर जाते तिथेच थांबावं. पुढे टाकलेलं पाऊल मागे घ्यायचं नाही, पण पुढचंही टाकायचं नाही. मान खाली आली, कान आपल्याकडे फिरला, की आपण दोन पावलं मागे जायचं. हे मागे जाणं म्हणजेच दाब सोडणं. पहिल्या दिवशी बारा हातांवरून सुरुवात झाली, नवव्या दिवशी हात खांद्यावर टेकला.

नंतर मान खाली घेणं. हात लावून शिकवायच्या सगळ्या धड्यांत हा पहिला, कारण भीतीत घोड्याची मान वर असते. काटेरी लगामाच्या घोड्याची तर असतेच, तो हिरडीवरचा भार चुकवायला नाक आभाळाकडे नेतो, पाठ खोल पडते आणि पाठीचे स्नायू आखडतात. दोन्ही कानांच्या मागे, मानेच्या सुरुवातीला, दोन बोटं टेकवायची. भाजीवाली टोमॅटो चाचपते तेवढाच दाब. वाढवायचा नाही, काढायचाही नाही, वाट पाहायची. डोकं वर गेलं तर बोटं सोबत वर जाऊ द्यायची. एका केसाएवढं जरी खाली आलं तरी बोटं लगेच उचलायची आणि जिभेने "टक्" असा आवाज करून एक चिमूट हरभरा द्यायचा. चूक होते ती इथे: चांगलं वीतभर खाली आल्यावर सोडू, असं आपण ठरवतो. तोवर घोडा तीनदा खाली येऊन परत वर गेलेला असतो आणि त्याला उत्तर सापडत नाही. पहिल्या केसाएवढ्या हालचालीला सोडलं तर पाच-सहा वेळांत गुडघ्यापर्यंत मान येते. आम्हाला चार दिवस लागले, कारण माझी बोटं उशिरा उठत होती. फोनवर चित्रण करून पाहिलं तेव्हा तो उशीर दिसला, जवळजवळ एक सेकंदाचा.

खाऊ देण्याबद्दल लोकांचा आक्षेप असतो की घोडा हात चावायला लागतो. खाऊ कधी दिला यावर ते ठरतं. नाक आपल्या बटव्याकडे असताना दिला तर तो लुटायला शिकतो. "टक्" नेहमी नाक समोर सरळ असतानाच करायचं, आणि हात लांब करून खाऊ त्याच्या तोंडापाशी न्यायचा, आपल्या अंगापाशी नाही. सुरुवातीचे दोन दिवस कुंपणाच्या पलीकडून हेच शिकवावं. गूळ नको, अंगाने सुटलेल्या घोड्याला तर नकोच. मूठभर हरभरा पूर्ण धड्याला पुरतो, आणि तो रोजच्या चंदीतून वजा करायचा.

पुढचे धडे याच पद्धतीचे: छातीवर बोट टेकवल्यावर एक पाऊल मागे, कुशीवर हात टेकवल्यावर मागचा भाग बाजूला, दोराच्या हलक्या ताणावर पुढे. प्रत्येकात तीन सेकंद वाट, पहिल्या हालचालीला सुटका, तीन वेळा झालं की थांबणं. अमेरिकेच्या पश्चिमेकडे टॉम डोरन्स आणि रे हंट यांनी गुरं राखणाऱ्या स्वारांमध्ये जी पद्धत रुजवली, तिचा गाभा हाच. मॉन्टी रॉबर्ट्स यांचं गोल रिंगणातलं तंत्रही पुष्कळांनी पाहिलेलं असतं. त्यात घोड्याला रिंगणात पळवत ठेवतात आणि तो आत वळला की माणूस पाठ फिरवतो. घोडा मागे चालत येतो तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. तिथेही दाब आणि सुटकाच आहे, फक्त दाब मोठा आहे, कारण पळवलं जाणं ही घोड्याच्या दृष्टीने जिवावरची गोष्ट. आधीच सुन्न असलेल्या घोड्यावर मी ते करणार नाही.

हात सुधारायला लागले तसं कळलं की दोष हातात कमी आणि बैठकीत जास्त आहे. मांड पक्की नसलेला स्वार तोल सांभाळायला लगामाला लटकतो, आपण लटकतो आहोत हे त्याला कळतही नाही. घोड्यांची निगा राखणाऱ्या एका जुन्या मोतद्दारांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, तिचं तोंड धरून बसू नका, मांडीनं बसा." त्यासाठी दुसऱ्या, सरावाच्या घोड्यावर आठ आठवडे काम केलं. लांब दोरावर घोडा कुणीतरी गोल चालवायचा, आपण रिकिबी आडव्या टाकून, लगाम न धरता बसायचं. आधी कदम, मग दुडकी, प्रत्येक दिशेला सात मिनिटं. हात कमरेवर, मग आडवे पसरून, मग डोक्यावर. श्वास धरला की दुडकीत उसळायला होतं, सोडला की बूड खाली जातं. रिकिबीचा एक जुना पट्टा घोड्याच्या गळ्यात सैल बांधून ठेवावा. तोल गेला की लगामाऐवजी तो धरायचा. एवढ्या एका पट्ट्याने घोड्याचं तोंड वाचतं. स्वारी शिकवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

खोगीर बसवताना पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. मानेच्या मुळाशी खांद्याचा जो उंचवटा असतो त्याच्यावर, स्वार बसल्यानंतरही, दोन-तीन बोटं जागा हवी. पाठीच्या कण्यावर पुढून मागून आरपार उजेड दिसला पाहिजे. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. रपेटीनंतर घामाच्या ओल्या पाठीवर कोरडा ठिपका राहिला असेल तर तिथे जास्त दाब आहे, तिथेच पुढे पांढरे केस येतात. तंग एकदम आवळू नये. आधी नुसता टेकवायचा, दहा पावलं चालवून एक भोक, पुन्हा चालवून दुसरं. चढताना जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून लोंबकळू नये, दगडी ओट्यावरून चढावं. त्याने खोगीर एका बाजूला ओढलं जात नाही आणि पाठीला पीळ पडत नाही. ओट्यापाशी घोडी स्वतः येऊन उभी राहिली आणि लगाम न धरता दहा सेकंद थांबली, तर चढायचं. नाही थांबली तर त्या दिवशी ओट्याशी उभं राहणं हाच धडा.

तोंडात काय घालायचं याचं उत्तर त्या डाव्या हिरडीखालच्या उंचवट्याने दिलं: काही नाही. नाकावरच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी लगाम जोडलेला, कडियाळं नसलेला साधा लगाम घेतला. पण कडियाळं नाही म्हणून तो आपोआप सौम्य होत नाही. नाकपट्टा गालफडाच्या हाडाच्या खालच्या टोकापासून दोन बोटं खाली बसला पाहिजे. अजून खाली गेला तर नाकाचं पातळ हाड आणि मऊ कुर्चा दाबली जाते, श्वासही अडतो. नाकाच्या हाडावर, म्हणजे वरच्या बाजूला, पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बाजूला गालाशी मोजून उपयोग नाही, तिथे मांस दबतं आणि पट्टा सैल वाटतो. लांब लोखंडी दांड्या असलेला हॅकामोर, हाही बिनकडियाळ्याचा नाकपट्ट्याचाच लगाम, टाळावा, तरफेच्या जोराने तो नाक आणि हनुवटी चिमट्यासारखी आवळतो. ज्यांच्या घोड्याचं तोंड निरोगी आहे त्यांनी गुळगुळीत, सांध्याचं साधं स्नॅफल, म्हणजे तरफ नसलेलं कडियाळं, वापरायला हरकत नाही. दोरीने तोंडाची रुंदी मोजून कडियाळं त्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर रुंद घ्यावं. जाड कडियाळं नेहमीच सौम्य असतं असंही नाही. आपल्या देशी घोड्यांच्या लहान तोंडात जिभेलाच जागा कमी असते, तिथे १२ ते १४ मिलिमीटर पुरे.

स्वारी सुरू झाली ती सहाव्या महिन्यात. पहिला आठवडा नुसतं चढणं, दहा पावलं, उतरणं. थांबवायचा क्रम कायम एकच ठेवला: आधी श्वास सोडून बूड जड करायचं, एका टापेनंतर "होऽ" म्हणायचं, त्यानंतरच लगामाची बोटं मिटायची. बोटं मिटायची, कोपर मागे जाऊ द्यायचं नाही. पुढचा एक पाय थांबला की बोटं उघडायची, चारही थांबायची वाट पाहायची नाही. घोडा क्रम ओळखतो. तिसऱ्या आठवड्यात ती बऱ्याचदा श्वासावरच थांबायला लागली, कारण श्वासानंतर काय येणार हे तिला कळलं होतं. यात एकदा जरी लगाम आधी ओढला तरी आठवड्याचं काम मागे जातं.

एक मोठी चूक इथे झाली. सातव्या महिन्यात सगळं सुरळीत आहे असं पाहून तिला एकाच दिवसात डांबरी रस्ता, पूल आणि ताडपत्री लावलेला ट्रॅक्टर दाखवला. ती कशालाही बुजली नाही. परतल्यावर मात्र चारा अर्धा टाकला, आणि दुसऱ्या दिवशी कान पुन्हा बाजूला पडलेले, डोळ्यावर तीच घडी. बुजली नाही म्हणजे ती पुन्हा आत मिटली होती. त्यानंतर नियम केला: एका दिवशी एकच नवी वस्तू, तीसुद्धा इतक्या अंतरावरून की कान टवकारले जातील पण पाय थबकणार नाहीत. पाहून झालं, मान खाली आली, की पाठ फिरवून घरी. ताडपत्रीला नऊ दिवस लागले.

चालताना दुखतं आहे का हे ओळखायला इंग्लंडच्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वाराखालच्या घोड्याच्या २४ हालचालींची यादी तयार केली आहे: कान सतत मागे, तोंड वारंवार उघडणं, शेपटी झाडणं, मान एका बाजूला तिरकी, ठेचकाळणं, अशा. पाच-दहा मिनिटांच्या स्वारीत आठ किंवा जास्त दिसल्या तर हाडा-स्नायूंत दुखणं असण्याची शक्यता मोठी. मी महिन्यातून एकदा चित्रण करून मोजते. पहिल्या वेळी ११ होत्या, खोगीर बदलल्यावर ६, आता ३. उन्हाळ्यात मोजणी आणि स्वारी दोन्ही सकाळी आठच्या आत. वर सांगितलेल्या १९६५ च्या नियमांतच ३७ अंशांवर पारा गेल्यावर दुपारी बारा ते तीन ओढकामाला आणि ओझ्याला बंदी आहे. स्वारीच्या घोड्यालाही तेच लावावं.

आता रोजची सुरुवात हॉल्टरपासून होते. मी तो उघडा धरते, नाकापासून वीतभर दूर, आणि थांबते. ती स्वतः नाक आत घालते. घातलं नाही तर त्या दिवशी खोगीर निघत नाही, तपासणी निघते: पाठीवरून दोन्ही हात, चारही खुर, तोंडाचे कोपरे, लीद, रात्रीचा उरलेला चारा. मागच्या आठवड्यात दोन दिवस तिने तोंड वळवलं. चालताना लंगडत नव्हती. आदल्या दिवशी नाल ठोकलेली होती, म्हणून एकेका खिळ्यावर लाकडी मुठीने हलकेच टकटक करून पाहिलं. डाव्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या तिसऱ्या खिळ्यावर तिने पाय ओढून घेतला. खिळा खुराच्या जिवंत भागाला खेटून गेला होता, अजून आत शिरला नव्हता. नालबंदाला बोलावून तो काढला, भोक धुऊन आयोडीनचा बोळा लावला, दोन दिवस पाय कोरड्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हॉल्टर नीट उघडायच्या आतच तिने नाक पुढे केलं.